करंगळीचा मान

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याने आपल्या स्वयंपाकघरातली लाकडी कपाटे नव्याने रंगवून घ्यायचे ठरवले. कपाटे चांगल्या सागाची होती. एका भिंतीला टेकून ती चुलीपासून थेट पाण्याच्या माठांपर्यंत उभी होती. पण वर्षानुवर्षांच्या फोडण्यांनी त्यांची अशी अवस्था झाली होती की मूळ रंग कोणता, हेच घरात कुणाला आठवत नव्हते. व्यापारी म्हणे निळा. त्याची पत्नी म्हणे हिरवा. आणि दोघेही अगदी खात्रीने सांगत.

त्या गावात रंगकामात मुरलेला एक वृद्ध मिस्त्री होता. सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांच्या हाताखाली वेणू नावाची एक मुलगी शिकत होती. ती फार कमी बोले. चार माणसांत बोलायची वेळ आली की खाली मान घालून ब्रशचे केस सारखे करत बसे. परंतु तिची नजर अशी होती, की ब्रश कुठे उलटा फिरला आहे हे तिला दारातूनच दिसे.

अप्पांचा हात अलीकडे थरथरू लागला होता. सरळ रेघ त्यांना आता ओढता येत नव्हती. व्यापाऱ्याचा निरोप आला तेव्हा ते वेणूला म्हणाले, "हे काम तू एकटीने कर. मी शेवटी येऊन बघेन."

या बोलण्याचे वजन वेणूला कळत होते. व्यापारी गावाबाहेर एक मोठी धर्मशाळा बांधत होता, आणि तिथल्या सगळ्या दारांचे, कपाटांचे काम कुणाला द्यायचे हे तो या स्वयंपाकघरावरून ठरवणार होता. ते मिळाले तर वेणू मिस्त्री म्हणून उभी राहणार होती. नाही मिळाले, तर अप्पांच्या हातांबरोबर तिचेही काम थांबणार होते. कारण एका मुलीला आपण होऊन रंगकाम सांगणारे दुसरे घर त्या गावात नव्हते.

गावात एक जुनी रीत होती. कपाट रंगवून झाले की घरची गृहिणी त्याचे दार चार लोकांदेखत नुसत्या करंगळीने लावून बघे. तेही केव्हा, तर घरात मोठा स्वयंपाक चालू असताना. दार करंगळीने लागले तर काम पुरे झाले; नाही लागले तर मिस्त्रीने मान खाली घालून निघून जायचे. याला करंगळीचा मान म्हणत. हा मान गृहिणीचा, असेच सगळे समजत. तो स्वयंपाक चालू असतानाच का, हे कुणी कधी विचारले नव्हते. व्यापाऱ्याने सत्यनारायणाची पूजा आणि गावजेवण ठरवले आणि करंगळीच्या मानासाठी तोच दिवस धरला.

वेणू कामाला लागली. पहिल्याच दिवशी व्यापाऱ्याची पत्नी कमरेवर हात ठेवून तिच्या मागे उभी राहिली.

"आधी ह्या फटी बघ," ती म्हणाली. "दोन दारांच्या मध्ये बोट जाईल एवढी फट! झुरळांना मी अक्षत देऊन बोलावल्यासारखं झालंय. रंग कुठलाही दे बाई, पण ह्या फटी मला दिसता कामा नयेत."

"बरं, वहिनी," वेणू म्हणाली.

तिने दारे उतरवून अंगणात आणली. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकट थर काढला. तो निघाला तेव्हा खालून निळा रंग आला, आणि निळ्याच्या खालून हिरवा. त्यामुळे नवरा-बायको दोघेही दिवसभर प्रसन्न होते. मग वेणूने पॉलिश पेपर मारून लाकूड मोकळे केले. आणि नंतर ती फटींकडे वळली. दारांच्या कडांना तिने लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरली, वाळल्यावर घासली, पुन्हा भरली. वर दुधी रंगाचे हात दिले. इतरांनी दोन दिले असते तिथे तिने तिसरा दिला आणि कडांना चौथाही. शेवटी प्रत्येक दाराच्या कडेने तिने तांबडी रेघ ओढली, शिसपेन्सिलीने काढावी इतकी बारीक आणि सरळ.

कपाटे पुन्हा भिंतीला बसली तेव्हा घरातली माणसे बघतच राहिली. दोन दारे मिटली की मध्ये नुसती एक रेषा उरे. व्यापाऱ्याने डोक्यावरचा एक केस ओढून काढला आणि त्या रेषेत घालून पाहिला. केस आत गेला नाही.

"शाबास!" तो म्हणाला. "अगं, ऐकलंस का? आता झुरळालाही दार वाजवून यावं लागेल."

वेणूने ब्रशचे केस सारखे केले. पण तिच्या कानांच्या पाळ्या आनंदाने लाल झाल्या होत्या.

पूजेच्या थोडे आधी अप्पा आले. त्यांनी एकेका दारावरून तळहात फिरवला. रेघेपाशी वाकून बराच वेळ पाहिले. "सुरेख," ते म्हणाले. मग माठांजवळच्या शेवटच्या दारापाशी ते थांबले. ते त्यांनी लावले, उघडले, पुन्हा लावले. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, तिच्यातून रंधा काढला, आणि कुणाला काही कळायच्या आत त्या चकचकीत दाराच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत सरळ चालवला.

रंधा पुन्हा फिरला. दुधी रंगाची, लांबीची आणि सागाची सालपटे एकत्र होऊन जमिनीवर पडली. त्यांच्यात तांबडी रेघही होती.

"अगं बाई! रेघ गेली की हो सगळी!" व्यापाऱ्याची पत्नी ओरडली.

"अप्पा!" व्यापाऱ्याचा आवाज चढला. "नजर गेली की डोकं गेलं? पूजा तोंडावर आली आणि तुम्ही तयार काम सोलून काढताय?"

अप्पांनी रंध्यावर फुंकर मारली, तो पिशवीत ठेवला. "ऊन फार आहे," ते म्हणाले. "मी जरा ओट्यावर टेकतो." आणि ते बाहेर गेले.

वेणू त्या दाराकडे बघत उभी होती.

व्यापारी तिच्याजवळ आला आणि आवाज खाली आणून बोलला, "ऐक पोरी. एवढं एक दार परत रंगव. बाकीचं काम मला पसंत आहे. करंगळीचा मान काय, नावापुरता. धर्मशाळाही तुलाच देतो, आताच्या आता शब्द देतो. एकच अट. यापुढे ह्या म्हाताऱ्याला कामावर आणायचं नाही. त्याचे दिवस संपले."

जे मिळवण्यासाठी वेणू हे सगळे करत होती, ते एका वाक्यात तिच्या पुढ्यात आले होते. तिने नुसती मान हलवली असती तरी पुरले असते.

"आलेच," ती म्हणाली आणि ओट्यावर गेली.

अप्पा भिंतीला टेकून ताक पीत होते.

"अप्पा, माझं काय चुकलं?"

"रंगात? काहीच नाही. तशी रेघ मला माझ्या भरात असतानाही जमली नसती."

"मग रंधा का मारलात?"

अप्पांनी भांडे खाली ठेवले. "वेणू, दार कशाचं बनतं?"

"लाकडाचं."

"आणि चालतं कशावर?"

"बिजागरीवर."

"बिजागरीवर ते टांगलेलं असतं. चालतं ते फटीवर. चौकट आणि दार यांच्यात जी मोकळी जागा असते ना, तिच्या जिवावर ते मिटतं आणि उघडतं. तू रंगाचा एकेक हात देत गेलीस, तशी ती जागा खात गेलीस. आज स्वयंपाकघर कोरडं आहे, म्हणून अजून दार लागतंय. पूजेच्या दिवशी चुलीवर तपेली चढतील, वाफ कोंडेल, लाकूड ती पिईल आणि फुगेल. मग ते जाईल कुठे? आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी करंगळी लावायची वेळ स्वयंपाकाची ठेवली. लोक मान लक्षात ठेवून बसले, परीक्षा विसरले."

अप्पा पुढे म्हणाले, "तू ते दार अगदी बरोबर मापलंस, बाळ. पण ते आज जेवढं आहे तेवढंच मापलंस. जे वाढणार आहे त्याला केसाइतकीही जागा न ठेवणं, याला नीटनेटकेपणा म्हणत नाहीत. जागा नसली की चांगलं लाकूडसुद्धा भांडायला उठतं."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू फट ठेवली असतीस. पण ती माझी फट झाली असती." अप्पा मिशीत हसले. "शेठजी काय म्हणतात?"

वेणूने सगळे सांगितले. अटही सांगितली.

"बघ बाई," अप्पा म्हणाले. "अट तशी वाईट नाही. मलाही दुपारची झोप मिळेल." आणि त्यांनी ताकाचे भांडे पुन्हा तोंडाला लावले. तिने काय करावे, याविषयी त्यांनी एक अक्षरही काढले नाही.

वेणू परत आत आली. व्यापारी आणि त्याची पत्नी अजून कपाटांपाशीच होती. तिने या वेळी ब्रशला हात लावला नाही.

"शेठजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा फाटलाच, "बाकीची दारंही उतरवायची आहेत."

"काय?"

"सगळ्यांच्या कडा तासायच्या आहेत. लांबी काढायची आहे."

"वेड लागलं का तुला? मी पसंत केलेलं काम तू नापसंत करणार?"

"हो."

एवढे छोटे उत्तर व्यापाऱ्याला आजवर कुणी दिले नव्हते. तो क्षणभर गोंधळला. "आणि मानाच्या वेळी दार अडलं तर?"

"तर मला धर्मशाळा नको. मी मुकाट्याने जाईन." वेणूने एक श्वास घेतला. "पण दारं लागली, तर धर्मशाळेवर मी अप्पांना घेऊन येईन. रोज येईन."

"बघ, बघ!" व्यापारी पत्नीला म्हणाला. "हिला बोलता येत नाही असं कोण म्हणत होतं?"

"ते राहू द्या," त्याची पत्नी काळजीने म्हणाली. "माझ्या झुरळांचं काय?"

"त्यांचंही बघते, वहिनी."

वेणूने बाकीची दारे पुन्हा अंगणात नेली. आपल्याच हाताने भरलेली लांबी आणि आपल्याच हाताने ओढलेली रेघ रंध्याखाली जाताना बघणे सोपे नव्हते. पहिल्या दाराला तिने डोळे अर्धे मिटून घेतले. दुसऱ्यापासून मात्र ती नीट बघू लागली. आणि बघू लागली तसे तिला दिसू लागले, की सगळ्या दारांना सारखीच जागा देऊन चालणार नाही. मधली कपाटे चुलीपासून लांब आणि कोरडी होती. चुलीजवळच्या दारांवर थेट वाफ येणार होती, तिथे तिने जास्त तासले. मग ती माठांजवळ गेली. खाली बसून तिने त्या शेवटच्या दाराच्या तळाशी बोट लावले. लाकूड गार होते. माठ पाझरत होते आणि जमिनीतली ओल खालून दाराला लागत होती.

हेच ते दार, जे अप्पांनी स्वतः तासले होते. वेणू थोडा वेळ रंधा हातात धरून बसली. मग तिने तेही दार उतरवून अंगणात नेले आणि त्याच्या खालच्या अंगाला आणखी दोनदा रंधा फिरवला.

"मी केलेल्या कामावर परत रंधा?" मागून अप्पांचा आवाज आला.

वेणू दचकली, पण तिने रंधा लपवला नाही. "तुम्ही वाफेचा हिशोब धरलात, अप्पा. माठांचा नाही धरला. पूजेला माठ जास्त भरतील, हे खालून फुगेल."

अप्पा गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. त्यांनीही दाराच्या तळाशी बोट लावले. मग ते इतक्या मोठ्याने हसले की घरातली माणसे अंगणात आली. "खरं आहे!" ते म्हणत होते. "अगदी खरं आहे! मला नाही दिसलं!"

कडांना वेणूने आता पातळ रंगाचे दोनच हात दिले. प्रत्येक जोडीतल्या एका दाराला आतल्या बाजूने एक अरुंद लाकडी पट्टी ठोकली, ती दुसऱ्या दाराच्या मागे बेताने सरके. बाहेरून बारीक फट दिसे, पण पलीकडचे काही दिसत नसे. व्यापाऱ्याच्या पत्नीने वाकून पाहिले, फुंकर घालून पाहिली.

"फट आहे, पण वाट नाही," वेणू हळूच म्हणाली.

तांबडी रेघ तिने पुन्हा ओढली. ती पहिलीइतकीच सरळ आली.

पूजेचा दिवस उजाडला. सकाळपासून चुलींवर मसालेभाताची तपेली चढली, अळूची भाजी रटरटू लागली, शिऱ्याचा रवा भाजल्याचा वास अंगणापर्यंत गेला. वाफेने भिंतींना घाम फुटला. पंगतीसाठी माठ काठोकाठ भरले होते आणि त्यांच्या खालची फरशी ओली झाली होती. बायकांनी स्वयंपाकघर भरले. पुरुष दारात माना उंच करून उभे राहिले.

"काय वहिनी," दारातून कुणी तरी म्हणाले, "पोरीचं काम आहे. करंगळीबरोबर खांदाही तयार ठेवा."

हसण्याची एक लाट आली. वेणू माठांजवळच्या कोपऱ्यात उभी होती. तिच्या हातात या वेळी ब्रश नव्हता, त्यामुळे बघायला काहीच नव्हते. म्हणून ती समोर बघत होती.

तेवढ्यात शिऱ्याला गूळ कमी पडला. शिरा गुळाचाच हवा, हा त्या घराचा हट्ट होता. एकजण शेजारच्या कोठीकडे धावला. त्या कोठीचे दार घरातल्या गड्यांनी याच पूजेसाठी घरच्या घरी रंगवून घट्ट बसवले होते. ते उघडेना. त्याने हाताने ढकलले, मग खांद्याने. मग दोघांनी मिळून लाथ घातली, तेव्हा ते किंचाळत उघडले आणि कडेचा रंग लांबच लांब सालपटासारखा लोंबू लागला. व्यापारी त्या लोंबत्या रंगाकडे बघत राहिला. हळूहळू त्याचा चेहरा बदलला. त्याने वळून स्वयंपाकघरातल्या दुधी कपाटांकडे पाहिले, आणि आता मात्र तो खरोखर घाबरला.

त्याची पत्नी पुढे झाली. तिने चुलीजवळच्या पहिल्या दाराला करंगळी लावली. दार हलले आणि टप्प करून मिटले. दुसरे मिटले. तिसरे मिटले. बायका पुढे सरकल्या. मधली दारे इतकी सहज लागली की व्यापाऱ्याची पत्नी स्वतःच हसू लागली. ती एकेक दार लावत माठांपर्यंत आली. तिथली हवा दमट होती, दाराच्या खालच्या अंगावर पाण्याचे थेंब दिसत होते. अप्पांनी हातातले उपरणे घट्ट धरले.

तिने करंगळी लावली. दार हलले, अर्ध्यात जरासे मंदावले, मग शेवटचे बोटभर अंतर आपल्याच वजनाने कापून शांतपणे आपल्या जागी जाऊन बसले.

"लागलं!" ती ओरडली. "अहो, लागलं!" आणि तिने ते पुन्हा उघडले, पुन्हा करंगळीने लावले, पुन्हा उघडले. मग शेजारणीने लावून पाहिले, मग तिच्या जावेने. मघाशी खांद्याची गोष्ट काढणारा माणूसही आत आला आणि लाजत लाजत आपली करंगळी पुढे करू लागला. स्वयंपाकघरभर टप्प, टप्प असा आवाज होत राहिला आणि मसालेभाताकडे बघायला कुणी उरले नाही.

व्यापारी अप्पांसमोर येऊन उभा राहिला. "मी तुम्हाला नाही नाही ते बोललो," तो म्हणाला.

"माझ्याशी नका बोलू," अप्पा म्हणाले. "माझ्या मापाने हे शेवटचं दार अडलं असतं."

व्यापाऱ्याने वेणूकडे पाहिले, आणि जो शब्द गावात आजवर फक्त अप्पांसाठी होता, त्याच शब्दाने तिला हाक मारत तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मिस्त्री, धर्मशाळेचं काम तुमचं. अप्पांसकट."

वेणूने मान हलवली. तिने ती ताठच ठेवली.

पंगती उठल्या. लोक पान खाऊन निघू लागले. एक बाई जाता जाता अप्पांपाशी थांबली. "मिस्त्री, आमचीही कपाटं फार खराब झालीत हो. कधी येता बघायला?"

प्रश्न अप्पांना होता. अप्पांना उत्तरही ठाऊक होते. परंतु ते अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिले आणि काहीच बोलले नाहीत. बाई वाट बघत उभी राहिली. त्यांच्यामध्ये थोडी शांतता पसरली. फार नाही, एका माणसाला पुढे येता येईल एवढीच.

वेणू एक पाऊल पुढे आली.

"सोमवारी येते, काकू," ती म्हणाली. "तुमची चूल कुठल्या भिंतीला आहे?"